मुस्लिम भाडेकरूला सोसायटी एनओसी नाकारते तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे पुण्यात नोकरीला आहेत. जुळे सोलापुरातल्या वीस-बावीस फ्लॅटच्या इमारतीत त्यांचे दोन फ्लॅट आहेत. एकात आई-वडील राहतात, दुसरा भाड्याने द्यायचाय. एजंटने आणलेलं कुटुंब त्यांना पसंत पडलं. नवरा अक्कलकोट रोड एमआयडीसीत गारमेंटच्या कारखान्यात कटिंग मास्टर, बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि नवऱ्याची आई. मूळ गाव पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यातलं, धर्माने मुस्लिम. सेक्रेटरी म्हणाले, ‘मुस्लिमांना द्यायचं नाही असा आपला ठराव आहे, एनओसी मिळणार नाही.’ त्यावर इमारतीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘बंगाली बोलतो म्हणजे बांगलादेशीच असणार.’ आणि वडील म्हणतायत, ‘सोडून दे बाबा, आम्हाला इथं राहायचंय.’ कायदा काय म्हणतो, आणि मी काय करू?

मी सोलापुरात वकिली करते. माझ्याकडे येणारी बरीचशी कामं घरांची, भाडेकरारांची आणि सोसायट्यांच्या भांडणांची. तुमच्या प्रश्नातला कायद्याचा भाग त्यातल्या त्यात सोपा आहे. अवघड आहे ते वडिलांचं वाक्य. त्याच्याकडे मी येणार आहे, पण आधी कागद बघू, कारण कागद पक्के असले की त्या वाक्याचं निम्मं वजन उतरतं.

एनओसीपासून, म्हणजे सोसायटीच्या ना-हरकत पत्रापासून, सुरू करते. राज्यातल्या बहुतेक गृहनिर्माण संस्था सरकारच्या आदर्श उपविधींवर, म्हणजे नमुना नियमावलीवर, चालतात. त्यातला 43 क्रमांकाचा उपविधी सदनिका भाड्याने देण्याबद्दल आहे. त्यानुसार संस्थेची पूर्वपरवानगी लागतच नाही. सदस्याने आठ दिवस आधी लेखी कळवायचं, लीव्ह अँड लायसन्स कराराची (म्हणजे भाडेकराराची) प्रत द्यायची आणि भाडेकरूची माहिती पोलिसांना दिल्याचा कागद जोडायचा. संस्था तुमच्याकडून जादा घेऊ शकते ते फक्त नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं शुल्क, आणि 1 ऑगस्ट 2001 च्या शासन आदेशाप्रमाणे तोही सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त नाही. म्हणजे सेक्रेटरी जी एनओसी अडवून बसलेत, ती बहुधा तुम्हाला मागायचीच नव्हती.

‘बहुधा’ म्हणतेय त्याला कारण आहे. तुमच्या संस्थेने नवे आदर्श उपविधी स्वीकारलेत की अजून जुनेच चालू आहेत, हे बघावं लागेल. जुन्यांत पूर्वपरवानगीची अट असायची. शिवाय जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांत कितीतरी इमारती सहकारी संस्था नसतातच. त्या 1970 च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या असतात, आणि तिथे डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे इमारतीच्या घोषणापत्रात, काय लिहिलंय ते महत्त्वाचं. आणि काही ठिकाणी तर नोंदणीच झालेली नसते. चार लोक दरमहा मेंटेनन्स गोळा करतात आणि लेटरहेड छापून स्वतःला सोसायटी म्हणवतात. अशांचा ‘ठराव’ म्हणजे चहा पिताना झालेली चर्चा. तुमचा प्रकार यातला कोणता, हे वडिलांच्या कपाटातल्या फायलीत सापडेल.

ठरावाबद्दल. नोंदणीकृत संस्थेतसुद्धा सर्वसाधारण सभेला उपविधींच्या विरोधात ठराव करता येत नाही. हात वर करून बहुमत झालं तरी उपविधी बदलत नाही. तो बदलायचा तर दुरुस्ती करून सहकारी संस्थांच्या निबंधकांकडून मंजूर करून आणावी लागते. ‘अमुक धर्माच्या माणसाला घर देऊ नये’ ही दुरुस्ती मंजुरीला पाठवायला तुमचे सेक्रेटरी निघतील असं मला वाटत नाही.

म्हणून माझा पहिला सल्ला नेहमी एकच असतो: लेखी कळवा आणि लेखी उत्तर मागा. तोंडी ‘नाही’ म्हणणं फार स्वस्त असतं. ‘अर्जदार मुस्लिम असल्याने नाकारण्यात येत आहे’ असं लिहून खाली सही-शिक्का करायची वेळ आली की पेनातली शाई संपते. मग कारणं बदलतात. पार्किंग नाही, पाण्याचा प्रश्न आहे, लिफ्टवर ताण येतो. बदलू द्या. पार्किंगच्या कारणाला उत्तर देता येतं. लेखी कळवूनही त्रास सुरूच राहिला तर जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे तक्रार आणि अगदीच वेळ आली तर सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम 91 खाली सहकार न्यायालय. माझ्या अनुभवात भाड्याचं प्रकरण तिथवर क्वचितच जातं.

आता कडू भाग. लोक मला विचारतात, ‘पण हे घटनेच्या विरोधात नाही का?’ घटनेचं कलम 15 धर्मावरून भेदभाव करायला मनाई करतं, पण ते मुख्यतः शासनाला बांधतं. दुकानं, हॉटेलं, विहिरी, रस्ते यांबद्दल ते खासगी माणसालाही लागू आहे. घर भाड्याने देणं त्यात येत नाही, आणि खासगी घरमालकाने धर्म बघून घर नाकारलं तर भाडेकरूला थेट दाद मागता येईल असा वेगळा केंद्रीय कायदा आपल्याकडे नाही. उलट 2005 साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सदस्यत्व पारशांपुरतं ठेवणारा उपविधी वैध ठरवला. सोसायटीतले अर्धवट माहिती असलेले लोक हा निकाल हमखास पुढे करतात. तो तुम्हाला लागू नाही, कारण तिथे तो उपविधी संस्थेच्या नोंदणीतच होता आणि वाद सदस्यत्वाचा होता. तुमची संस्था सर्वांना खुली आहे आणि तुम्ही भाडेकरू ठेवताय.

(दुसरी एक अफवा अशी फिरते की वेगळ्या धर्माच्या माणसाला घर देताना कलेक्टरची परवानगी लागते. तसा अशांत क्षेत्राचा कायदा गुजरातेत 1991 पासून आहे, आणि तोही जाहीर केलेल्या भागांपुरता. महाराष्ट्रात नाही.)

हे सगळं सांगतेय ते एवढ्यासाठी: या व्यवहारात त्या कटिंग मास्टरच्या हातात कायद्याचं हत्यार जवळजवळ नाही. तुमच्या हातात आहे, मालक म्हणून. तो घर विकत घेत असता तर गोष्ट वेगळी होती. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 23 प्रमाणे पुरेशा कारणाशिवाय सदस्यत्व नाकारता येत नाही, आणि कलम 22 प्रमाणे अर्जावर तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर अर्जदार सदस्य झाला असं मानतात. पण भाडेकरूला यातलं काही नाही. तुम्ही मागे सरलात की त्याच्यासाठी विषय संपला. दुसऱ्या एजंटकडे जायचं आणि पुन्हा ‘नाव काय म्हणालात?’ इथून सुरुवात. माझ्याकडे शिक्षक आले आहेत, डॉक्टर आले आहेत, डिपॉझिटचा चेक खिशात घेऊन. ते शेवटी नई जिंदगी किंवा शास्त्रीनगर या मुस्लिम वस्त्यांकडे वळतात, आणि मग तेच शेजारी म्हणतात, ‘बघा, हे लोक आपले आपले गठ्ठ्याने राहतात.’ हे वाक्य ऐकलं की मला खरंच राग येतो.

बरं, बांगलादेशी. हा मुद्दा मी झटकून टाकणार नाही. बेकायदा आलेले, खोटी कागदपत्रं केलेले लोक महाराष्ट्रात पकडले जातात, ही वस्तुस्थिती आहे, आणि देशात कोण राहतो याची तपासणी करणं हे सरकारचं कामच आहे. पण ते सरकारचं काम आहे. त्यासाठी इमिग्रेशन अँड फॉरेनर्स ॲक्ट, 2025 हा नवा कायदा 1 सप्टेंबर 2025 पासून लागू झालाय. त्यात अधिकार अधिकाऱ्यांना दिलेत, तुमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त गृहस्थांना नाहीत.

मुर्शिदाबाद हा भारताचा जिल्हा आहे आणि तिथली बहुसंख्य वस्ती मुस्लिम आहे. शेजारच्या मालदाचंही तसंच. तिथला माणूस बंगाली बोलणार, त्याचं आडनाव शेख किंवा मंडल असणार, आणि सीमेपलीकडचा माणूसही तीच भाषा बोलणार. नुसतं कानाने यांच्यात फरक करता येत नाही. पोलिसांचंही चुकतं तिथे. 2025 च्या जूनमध्ये मुंबई-ठाण्याकडून पश्चिम बंगालच्या काही मजुरांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं आणि ते भारतीय निघाल्यावर परत आणावं लागलं. त्यातले काही मुर्शिदाबादचेच होते. तुमच्या भाडेकरूला ही बातमी माहीत असणार. ग्रुपवरच्या त्या एका ओळीने त्याच्या पोटात काय होत असेल याचा अंदाज घ्या.

तर तुम्ही काय तपासायचं? आधीच्या भाडेकरूकडून जे घेतलं होतं तेच. आधार, पॅन, कारखान्याचं ओळखपत्र किंवा मालकाचं पत्र, आधीच्या घराचा करारनामा, फोटो. एक कागद कमी नको, एक जास्त नको. लोक मला विचारतात, ‘जन्मदाखला मागू का? आई-बापाचा मागू का?’ तुम्ही आधीच्या कुलकर्णी किंवा बिराजदार भाडेकरूच्या आईचा जन्मदाखला मागितला होता का? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे आधार कायद्याच्या कलम 9 मध्येच लिहिलंय. पण मग तो माझाही नाही आणि तुमच्या सेक्रेटरींचाही नाही. घर भाड्याने देताना आपण माणसाची ओळख आणि पत्ता बघतो, नागरिकत्वाचा निवाडा करत नाही.

त्यानंतर पोलिसांना माहिती द्या. महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरता येते, किंवा हद्दीतल्या पोलीस ठाण्यात नेऊन द्या आणि पोच घ्या. तिथे त्यांना काही विचारावंसं वाटलं तर ते विचारतील. भाडेकरू खरंच परदेशी नागरिक असेल, म्हणजे परदेशी पासपोर्टवाला, तर मात्र 24 तासांत त्याच्या राहण्याची माहिती परदेशी नागरिकांची नोंद ठेवणाऱ्या कार्यालयाला कळवावी लागते. तुमच्या बाबतीत तो प्रश्न येत नाही. आणि इमारतीतल्या कुणाला खरीच शंका असेल तर त्याने पोलिसांना लेखी कळवावं, स्वतःच्या सहीने. दारावर जाऊन ‘कागद दाखव’ म्हणायचा अधिकार शेजाऱ्याला नाही.

करार नोंदवा, हे वेगळं सांगायला नको, पण सांगते, कारण सोलापुरात अजून पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून भागवायची सवय आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे नोंदणी करणं ही मालकाची जबाबदारी आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि वाद झाला तर नोंदणी नसलेल्या करारात अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. तुमच्यासारख्या प्रकरणात याचा आणखी एक उपयोग होतो: ‘हा चोरून आणून बसवलाय’ असं कुणालाच म्हणता येत नाही.

आता शेजाऱ्यांच्या तक्रारी. मी अशा सभांना बसलेली आहे. तिथे जे बोललं जातं त्यात तीन-चार गोष्टी फिरून फिरून येतात. पहिली, मटण-मच्छीचा वास. इमारतीत लिंगायत, जैन, मारवाडी कुटुंबं असतील तर त्यांना हे खरंच जड जातं, त्यांना मी खोटं ठरवत नाही. पण रविवारी सकाळी सोलापुरात मटणाच्या दुकानासमोर रांग कुणाची असते? आमच्या पद्मशाली घरांत आखाडात काय शिजतं ते मला विचारा. इमारतीत आधीपासून मांसाहारी हिंदू घरं असतील तर वास फक्त या घराचाच कसा येणार? नियम करायचाच तर सगळ्यांना एक करा: कचरा बांधून टाकणं, जिन्यात काही न धुणं. दुसरी गोष्ट, बकरी ईद. इमारतीच्या आवारात कुर्बानी नको, हे सरळ सांगा. त्यात अपमान काही नाही. कुर्बानी महापालिकेची परवानगी असलेल्या जागीच करायची असते आणि हे मुस्लिम माणसाला आपल्यापेक्षा चांगलं माहीत असतं. तिसरी, ‘एकाला दिलं की सगळे येतील आणि भाव पडतील.’ यावर माझ्याकडे उत्तर नाही, कारण हा मुद्दा त्या कुटुंबाबद्दल नाहीच. शहरातला साधारण पाचवा माणूस मुस्लिम आहे. तो कुठेतरी राहणारच.

एक अनुभवाची गोष्ट. चांगल्या मनाचे लोक सभेत उठून चार हुतात्म्यांचं नाव घेतात. 1931 साली येरवड्यात मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा यांच्याबरोबर कुर्बान हुसेनही फासावर गेले, हे सोलापूरकराला पाठ आहे. किंवा मी म्हणते तसं म्हणतात, की आपण सगळेच बाहेरून आलोय. माझे आजोबा करीमनगरकडून मागावर काम करायला आले, कुणाचे विजापूरहून, कुणाचे मारवाडातून. 1877 साली ‘जुनी मिल’ ही कापड गिरणी निघाली तेव्हापासून हे गाव बाहेरच्या हातांवर उभं आहे. हे सगळं खरं आहे. पण त्याने सभा जिंकता येत नाही, मी बघितलंय. लोक मान डोलावतात, हुतात्म्यांना नमस्कार करतात आणि म्हणतात, ‘ते वेगळे होते हो.’ इतिहास सांगून भीती जात नाही. समोरचा माणूस दिसला तर थोडी जाते.

म्हणून वडिलांच्या वाक्याकडे येते. ‘आम्हाला इथं राहायचंय’ यात वडिलांचं चूक काय आहे? तुम्ही पुण्याला बसून तत्त्व पाळणार आणि रोज जिन्यात समोरासमोर ते येणार. त्यांना न विचारता हे केलंत तर पहिला बिनसणार तो तुमचा आणि त्यांचा संबंध. त्यांना विचारा की नेमकी धास्ती कुणाची आहे. वीस घरांत खरा विरोध दोघा-तिघांचा असतो. बाकीचे गप्प असतात, आणि गप्प राहण्याचा अर्थ विरोधात आहेत असा धरला जातो. तुमच्या वडिलांचं ज्यांच्याशी उठणं-बसणं आहे अशा दोन घरी त्यांनी जाऊन एवढंच सांगावं, की माणूस कारखान्यात नोकरीला आहे, म्हातारी आई बरोबर आहे, कागद पोलिसांकडे दिलेत, करार अकरा महिन्यांचा आहे. वाद घालू नये. ग्रुपवर तर एक अक्षर लिहू नये. ग्रुपवर माणूस आपल्या बाजूच्या लोकांसाठी लिहितो, तिथे कुणी माघार घेत नाही.

ग्रुपवरचे मेसेज मात्र जपून ठेवा, तारखेसकट. धर्मावरून वैर पसरवणाऱ्या मजकुराला भारतीय न्याय संहितेचं कलम 196 आहे, आणि एखाद्या धर्माच्या लोकांना नागरिक म्हणून मिळणारे हक्क नाकारावेत असं म्हणणाऱ्याला 197. लगेच ठाण्यात धावा असं मी म्हणत नाही. शेजाऱ्यावर गुन्हा दाखल झाला की त्या इमारतीत पुढची दहा वर्षं कुणी कुणाशी धड बोलत नाही. पण धमकी आली, दारावर माणसं जमली, तर 112. तिथे थांबू नका.

आणि सगळ्यात आधी करायची गोष्ट, जी कुणीच करत नाही: त्या भाडेकरूला खरं सांगा. इमारतीत विरोध आहे, कुणी काय म्हटलंय, तुम्ही काय करायच्या तयारीत आहात. मग त्याला ठरवू द्या. टोमणे त्याच्या बायकोला ऐकावे लागतील, आणि पार्किंगमध्ये खेळायला गेलेल्या मुलीला ‘तू नको’ कुणी म्हटलं तर घरी येऊन रडणारी ती असेल. काही जण म्हणतात, ‘मॅडम, सवय आहे, चालेल.’ काही जण हात जोडून नको म्हणतात. दोन्ही ठीक. मी बघितलेल्या एका इमारतीत विरोधाचं नेतृत्व करणाऱ्या बाईच पुढे भाडेकरणीकडून ब्लाउज शिवून घ्यायला लागल्या. दुसऱ्या एका इमारतीत कुटुंबाने काही महिन्यांत घर सोडलं, कुणी वावगं काही केलं नव्हतं, फक्त कुणी बोलतच नव्हतं. तुमच्याकडे काय होईल ते मी सांगू शकत नाही.

काही गोष्टी करू नका. भाडेकरूच्या एखाद्या हिंदू सहकाऱ्याच्या नावाने करार करून याला आत आणू नका. ते उघडं पडतं आणि मग खोटेपणाचा शिक्का त्याच्यावर बसतो. ‘रिस्क आहे’ म्हणून भाडं किंवा डिपॉझिट वाढवू नका. पाहुणे आणू नका, नमाज मोठ्याने पढू नका, असल्या वेगळ्या अटी करारात घालू नका. आणि आई-वडिलांची तब्येत, स्वभाव बघून तुम्ही शेवटी नाहीच द्यायचं ठरवलं तर टोकनचे पैसे त्याच दिवशी परत करा आणि कारणही खरं सांगा. ‘आमचा पुतण्या येणार आहे राहायला’ हे त्याने याआधी बऱ्याच मालकांकडून ऐकलेलं असतं.

द्यायचं ठरलं तर या आठवड्यात फायलीतून उपविधी किंवा डीड ऑफ डिक्लरेशन काढा, सोसायटीला आठ दिवसांचं पत्र रजिस्टर्ड पोस्टाने पाठवा. करार ऑनलाइन नोंदवता येतो. मुद्रांक एकूण भाड्याच्या 0.25 टक्के आणि शहरात नोंदणी शुल्क 1,000 रुपये. डिपॉझिट असेल तर त्यावरचं व्याज धरून रक्कम थोडी वाढते, ते पोर्टलच काढून देतं. नोंदवलेल्या कराराची एक प्रत भाडेकरूला लगेच द्या. मुलीच्या शाळेला आणि गॅसच्या कनेक्शनला पत्त्याचा पुरावा म्हणून त्याला तीच लागणार आहे, आणि जूनच्या तोंडावर ती हातात नसेल तर शाळेत पहिला हेलपाटा फुकट जातो.